मधला ठिपका

जयाने त्या ठिपक्यावर क्लिक केलं आणि तिचाच मोबाइल नंबर उघडला.

आधी तो तिला ओळखू आला नाही. स्वतःचा नंबर माणूस सांगत असतो, वाचत नसतो. तिने तो ओठांतल्या ओठांत म्हणायला सुरुवात केली. शेवटचे आकडे नजर पोचायच्या आधीच जिभेवर आले.

"सरपंच भेटला का वं?" मागच्या टेबलावरून कपिलने विचारलं.

जयाने घाईने चित्र बंद केलं.

"सॉफ्टवेअर अजून फिरून राह्यलं," ती म्हणाली.

"फिरू दे. पन पाचच्या आत पाठवाचं हाये. कंपनीवाला सकाळपासून डोकं खाऊन राह्यला माया." मग तिच्याकडे बघून म्हणाला, "पंखा कमी करू का? एप्रिलात काकडून राह्यली तू."

"नाही. ठीक आहे."

यवतमाळजवळच्या लोहाऱ्याच्या एमआयडीसीत खाली सरकीच्या तेलाची मिल आणि वरच्या मजल्यावर त्यांचं ऑफिस. ढेपेचा, म्हणजे सरकीच्या पेंडेचा, वास जिन्यातून वर येई आणि कपड्यांत बसे. कपिल तिथला प्रमुख. नेरकडच्या शेतकरी घरातला. घरची कपाशी सोडून त्याने कर्ज काढून हे ऑफिस उभं केलं होतं. मोठ्या कंपन्या आपली माहिती पाठवत आणि ही पोरं त्या माहितीचं जाळं विणत. या वेळचं काम एका विमा कंपनीचं होतं. खोटे दावे करणाऱ्या टोळ्या शोधायच्या होत्या.

जाळ्यात प्रत्येक माणूस एक ठिपका. प्रत्येक फोन नंबर एक ठिपका. पत्ता, दवाखाना, एजंट, हेही ठिपकेच. ज्याचा ज्याच्याशी संबंध, त्यांच्यामध्ये एक रेघ. मग सॉफ्टवेअर चालवायचं. ज्यांच्यात आपसांत रेघा दाट, त्यांना ते एकत्र ओढतं आणि एक रंग देतं. कोण कोणाचं, हे त्याला कोणी सांगत नाही. रेघांवरून ते ओळखतं.

होळीला घरी गेली तेव्हा याडीने विचारलं होतं, "तू तिथं करते तरी काय?" याडी म्हणजे आई. सुखीबाई तिचं नाव.

"लग्नाच्या मांडवात तू लांबूनच बघतेस न," जया म्हणाली. "कोण कोणाशेजारी बसलं. कोणी कोणाचं लेकरू कडेवर घेतलं. न विचारता तुला कळतं, हे एका घरचे. माझं मशीन तेच करतं."

"आन् मांडवात एखादा फुकट जेवाले घुसला तं?"

"त्यालाच तर शोधायचं असतं."

सुखीबाई भाकरी थापता थापता हसली. "एवढ्यासाठी पगार देतात तुले? हे तं मी फुकटात करते."

एका रंगाच्या समूहात ज्या ठिपक्याला सगळ्यांत जास्त रेघा, तो चित्रात मोठा होऊन मध्ये बसे. ऑफिसातली पोरं त्याला सरपंच म्हणत. सरपंच सापडला की टोळी सापडली. मागे एका कामात असाच एक सरपंच सापडला होता. कुठल्याशा जिल्ह्यातला एजंट. पोलिसांनी त्याला उचललं, तेव्हा कपिलने सगळ्यांना समोसे आणले होते. जयानेही खाल्ले होते.

तिने चित्र पुन्हा उघडलं. स्क्रीनचा उजेड कमी केला. मध्ये तो मोठा ठिपका होता. त्याच्या भोवती माणसंच माणसं.

ती एकेका ठिपक्यावर गेली. भावसिंग आडे. हा तांड्याचा नाईक, म्हणजे प्रमुख. मानीबाई आडे. ही शेजारची काकी. देवसिंग आडे.

हा तिचा बाप.

पुसद-उमरखेड रस्त्यावरून आत, टेकड्यांच्या खोलगटात तिचा बंजारा तांडा होता. दिवाळी झाली की अर्धा तांडा ऊसतोडीला जाई. देवसिंगही जाई. जया आश्रमशाळेत राहिली म्हणून शिकली. पुसदच्या कॉलेजात तिने कॉम्प्युटर घेतला. तिथेच तिच्या हातात पहिला मोबाइल आला. तेव्हा तांड्यात रेंज फक्त सेवालाल महाराजांच्या मंदिराच्या ओट्यावर मिळे. पुढे घरोघरी फोन आले. पण रिचार्ज संपलं की नंबर बंद पडे. तोडीला गेलेला माणूस परत येताना तिकडचं नवीन सिम घेऊन येई. एक जयाचा नंबर तेवढा कधी बंद पडला नाही.

म्हणून बँकेत विचारलं की तांड्यातलं माणूस म्हणे, जयाचा टाका. रेशनच्या दुकानात, शाळेत, शिबिरात, सगळीकडे जयाचा टाका. भावसिंग नाइकाला अक्षर येत नव्हतं. पण तो नंबर तो आरतीसारखा म्हणून दाखवी.

मग जयाच्या फोनवर ओटीपी येई आणि पाठोपाठ तांड्यातून कोणाचा तरी फोन. ती आकडे वाचून दाखवी. एसटीत उभी असताना, मेसमध्ये जेवताना, कॉलेजच्या रांगेत. नोकरी लागली तरी ते सुटलं नाही. तिला त्याचं ओझं वाटत नसे. उलट बरं वाटे. यवतमाळात राहूनही तांड्याचं कुठलंच काम तिच्यावाचून होत नव्हतं. बाकीचे मेसेज ती न वाचता पुसून टाकी.

विमाही असाच निघाला होता. एक एजंट आला. मंदिराच्या ओट्यावर बसला. एका दिवसात त्याने सगळ्या तांड्याचा दवाखान्याचा विमा काढला. पत्ता एक. आडनावं दोन-चारच. एजंट एक, तारीख एक, नंबर एक. मशीनच्या डोळ्यांना टोळी नेमकी अशीच दिसते.

देवसिंगचा दावा खरा होता. मागच्या हंगामात तो ऊस भरलेल्या ट्रॅक्टरवरून पडला. मांडीचं हाड मोडलं. जया दवाखान्याच्या व्हरांड्यात सतरंजी टाकून झोपली होती. ती लोखंडी पट्टी अजून त्याच्या मांडीत होती.

हे सगळं सांगता येईल, असं तिला वाटलं. ती उठलीसुद्धा. मग खाली बसली.

कंपनीने कामाच्या सुरुवातीलाच बजावलं होतं. सापडलेल्या टोळ्या पोलिसांत द्यायच्या आहेत. तांड्यात अजूनही जीप आली की भावसिंग पटका सावरत बाजेवरून उभा राही. कोणी काही विचारायच्या आत हात जोडून म्हणे, "आमचे सगळे घरीच हायेत, साहेब." जीप कधी लसीकरणाची असे, कधी निवडणुकीची. पोरं त्याची नक्कल करून हसत. हे वाक्य त्याने आजाकडून घेतलं होतं. आजाच्या काळात इंग्रजांनी जमातीवर गुन्हेगारीचा शिक्का मारलेला, रोज पोलिसांत हजेरी द्यावी लागे. माणसं घरीच आहेत, हे शाबीत करावं लागे.

आता जीप खरीच पोलिसांची येणार होती. आणि कागदावर तांड्याची सरपंच जया होती.

तिने फाइलची एक कॉपी केली. मूळ फाइलला हात लावला नाही. कॉपीत मधला ठिपका निवडला आणि काढून टाकला. फक्त बघायचं, तिने मनाशी म्हटलं. पुन्हा सॉफ्टवेअर चालवलं.

आपण गेलो की सगळं सुटं होईल, असं तिला वाटलं होतं.

तसं झालं नाही. समूहाचे दोन तुकडे झाले. एक हिरवा, एक लाल. हिरवा तांडा होता. लाल कोण होते, ते तिला कळेना. ममता शिरफुले. रोशन कोणी. अशी कितीतरी. गावं उमरखेडच्याही पलीकडची. सगळे एकाच दवाखान्यात भरती झालेले. सगळ्यांचा ताप सारखा, मुक्कामही सारखा. तांड्याशी त्यांचा कशानेच संबंध नव्हता. नव्हे, एका गोष्टीने होता. तीच तिने आत्ता काढून टाकली होती.

या माणसांच्या दाव्यांवरही तिचाच नंबर होता.

तिला तहान लागली. बाटली उघडताना झाकण खाली पडलं आणि घरंगळत कपिलच्या टेबलाखाली गेलं. ती आणायला गेली नाही.

ओटीपीच्या मेसेजमध्ये नाव नसतं. फक्त आकडे असतात. नाव फोन करणारा सांगतो. बहुतेक वेळा फोन करणारा शाम असे. तिच्या मामाचा मुलगा, तिचा भिया, म्हणजे भाऊ. उमरखेडला बसस्थानकाजवळ त्याचं ऑनलाइन सेंटर होतं. तांड्यातली माणसं कागदांसाठी त्याच्याकडेच जात. तो म्हणे, "जयाबाई, मानीबाई बसली हाये समोर, आकडा सांग." जया सांगे. मानीबाईला फोन दे, असं ती कधी म्हणाली नव्हती. याच शामने तिला सायकलवर बसवून आश्रमशाळेत सोडलं होतं. ती रडत होती म्हणून वाटेत उतरून त्याने तिला बोरं पाडून दिली होती.

ती जिना उतरून खाली गेली. मिलसमोर सरकीचा ट्रक उतरत होता. ती करंजाखाली उभी राहिली आणि तिने फोन लावला.

"बोल वं बाई." मागे प्रिंटर चालू होता. दुकानात गिऱ्हाईक असलं की शाम मराठीतच बोले.

"भिया, मायाकडून जे ओटीपी घेतले तू, ते तांड्याच्या लोकायचेच होते न?"

"मंग कोनाचे असन? तुया सासरचे? सासर तं अजून भेटलं नाई तुले." तो हसला.

"ममता शिरफुले कोन हाये?"

प्रिंटर चालूच राहिला. मग दुकानाचं शटर अर्धं ओढल्याचा आवाज आला.

"कांई वेगो, बाई?" त्याने गोरबोलीत, बंजाऱ्यांच्या घरच्या बोलीत, विचारलं. काय झालं, बाई. लहानपणी ती पडली की तो असंच विचारी.

तिने सांगितलं. थोडकंच सांगितलं. तो ऐकत राहिला. मग घरच्या बोलीत, हळू, समजावणीच्या सुरात म्हणाला, "नंबर तुझा. आकडा दर वेळी तूच सांगितला. मी काय केलं? मी फॉर्म भरले. ते माझं दुकानच आहे."

"भिया, पोलिसात जाणार आहे हे."

"तुझ्याच मशीनमध्ये आहे न? मग पुसून टाक. कोणाला कळतं?" मग म्हणाला, "फुफाजीच्या पायाचा दावा अजून पास व्हायचा आहे. त्यांचाही फॉर्म मीच भरला. बघ, सगळं एकमेकांत आहे."

फोन कट झाला. ट्रकवरचा माणूस तिच्याकडे बघून म्हणाला, "ताई, सावलीत बसा. तोंड पांढरं पडलं तुमचं."

ती सावलीतच होती.

वर येऊन तिने आपला ठिपका परत जागेवर ठेवला. या वेळी सॉफ्टवेअरची जाळी थोडी बारीक केली, म्हणजे मोठे समूह फुटून लहान दिसतात. चालवलं. तांडा हिरवा आला, परके लाल. तिचा ठिपका दोघांच्या मधोमध. हिरवा.

खात्री करावी म्हणून तिने पुन्हा चालवलं.

लाल.

असं होतं, हे तिला माहीत होतं. सॉफ्टवेअर दर वेळी वेगळ्या ठिपक्यापासून सुरुवात करतं. ज्याच्या रेघा दोन्हीकडे सारख्या, तो कधी इकडे पडतो, कधी तिकडे. नव्या पोरांना तिनेच हे समजावलं होतं. त्यात घाबरण्यासारखं काही नाही, असंही म्हणाली होती. ती बटण दाबत राहिली. हिरवा. लाल. लाल. हिरवा. पुन्हा लाल. तांड्यातल्या सगळ्यांचे रंग ठरलेले होते. ममता शिरफुलेचाही ठरलेला होता. जयाचाच ठरत नव्हता.

पुसून टाकलं तर काय होईल, याचा तिने विचार केला. लाल टोळी पोलिसांत जाईल. हिरवीही जाईल. एक पत्ता, एक एजंट, एक तारीख. मधून फक्त जया गेलेली असेल. जीप येईल. भावसिंग हात जोडून उभा राहील. सगळ्यांनी एकच नंबर का दिला, असं कोणी विचारणारच नाही, कारण तो नंबर तिथे नसेल. तांड्याच्या बाजूने बोलायला जे एक होतं, तेच गेलेलं असेल.

आणि ठेवलं तर ती स्वतः.

"कपिलभाऊ," ती म्हणाली. मिलच्या आवाजात त्याला ते ऐकू गेलं नाही. तिने पुन्हा म्हटलं, "कपिलभाऊ, सरपंच भेटला."

"भेटला? वा! कोन हाये?"

"मी."

"ऊन लागलं तुले," कपिल हसत उठला. "जाय, लिंबूपानी पी."

तिने स्क्रीन त्याच्याकडे वळवली. तो वाकून बघत राहिला. मग त्याने खिशातून फोन काढला आणि स्क्रीनवर बघून एकेक आकडा दाबला. टेबलावर पडलेला जयाचा फोन थरथरला. कपिलने हात पोळल्यासारखा आपला फोन बंद केला.

जयाने सगळं सांगितलं. तांडा, ओटा, रिचार्ज, शाम. ती सांगत असताना तो खुर्ची ओढून तिच्या अगदी जवळ बसला, कोणी ऐकू नये म्हणून.

"हे कोनाले दाखवलं?"

"कोणालाच नाही."

"मंग मीबी पाह्यलं नाई असं समज. काढून टाक." त्याच्या कपाळावर घाम होता. "समजून घे वं. उद्या कंपनी म्हनन, तुमचीच पोरगी आतून चालवत होती. मायं ऑफिस बंद पडन. ही सगळी पोरं घरी जातीन."

"म्हणतीलच."

"तुले भेव नाई वाटत?"

जयाने आपले हात टेबलाखाली घेतले. "वाटते न," ती म्हणाली. "पन मी निघाली तं तांडा तसाच राह्यते पकडलेला. त्याहिले मशीनचं काय समजते? ते उभे राहून हात जोडतीन."

कपिल बराच वेळ नखाने टेबलाची सनमायका उकरत राहिला. मग त्याने कंपनीच्या माणसाला फोन लावला आणि तो जयाच्या हातात दिला. तिच्याकडे बघितलं नाही.

पलीकडचा आवाज सभ्य होता. त्याने सगळं ऐकून घेतलं. मध्ये थांबवून नावं विचारली. शामचं नाव सांगताना तिला सायकलच्या कॅरिअरची पट्टी आठवली, पायाला टोचणारी. सुरुवातीला तो माणूस तिला मॅडम म्हणत होता. शेवटी त्याने तिचं पूर्ण नाव घेतलं.

"जया देवसिंग आडे. फोन तुमच्याकडेच आहे?"

"हो."

"बंद करू नका. त्यातलं काही पुसू नका. उद्या आमची माणसं येतील. तोवर यवतमाळ सोडू नका."

त्याने विश्वास ठेवला की नाही, ते तिला कळलं नाही. विचारायचं धाडस झालं नाही.

पाच वाजून गेले. पोरं डबे उचलून गेली. कपिल गेला नाही. त्याने तिच्यासाठी चहा मागवला आणि तो समोर गार होत राहिला. खालची मिल थांबली. इतकी शांतता त्या ऑफिसात जयाने कधी ऐकली नव्हती.

फोन वाजला. छोटा आवाज, मेसेजचा. ओटीपी होता.

लगेच घंटी वाजली. मानीबाईचं नाव. जयाने कपिलकडे पाहिलं. त्याने होकाराची मान डोलावली. तिने फोन उचलला आणि स्पीकरवर टाकला.

"बाई, आकडा आला असन. सांग न पटकन. मायी एसटी निघून राह्यली."

"काकी, कोणत्या कामाचा आहे?"

असं मानीबाईला आजवर कोणी विचारलं नव्हतं.

"कोनत्या म्हंजे? शाम म्हनते कागदावरचा नंबर बदलाचा हाये. तुले आता त्रास नाई देवाचा म्हनते. सगळ्याहिचा बदलून देते."

जयाला कळलं. दुपारपासून शाम याच तयारीत होता. चौकशी येण्याआधी सगळ्यांचा नंबर बदलून त्याला माग पुसायचा होता. आणि त्यासाठी शेवटचा एकदा तिचाच आवाज हवा होता.

"काकी, तू उठ तिथून. घरी जा. मी आकडा सांगत नाही."

"काहून?"

"घरी आल्यावर सांगते."

"वा वं बाई!" मानीबाईचा आवाज चढला. "तुले लायनाची मोठी मी केली. नोकरीवाली झाली तं आता आकडाबी इकत देशीन काय? थांब, सुखीले सांगते, तुयी पोरगी मोठी साहेबीन झाली म्हून."

जयाचे डोळे भरले. पलीकडे फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेला.

"जयाबाई," शाम गोरबोलीत म्हणाला. आवाज दुपारसारखाच मऊ. "सांग."

आकडे स्क्रीनवर होते. मोठे, काळे, स्वच्छ. तिची जीभ सवयीने पहिल्या आकड्यापर्यंत आली होती. तिने दात घट्ट मिटले. कपिलने स्वतःच्या तोंडावर हात ठेवला होता. त्याला गोरबोली येत नव्हती, तरी तो श्वास रोखून होता.

शाम वाट बघत राहिला. दुकानातला प्रिंटर थांबला. मानीबाई मागे काहीतरी पुटपुटत होती, तीही थांबली. त्या शांततेत त्याला इकडची शांतता ऐकू गेली असावी.

"बाई," त्याने घरच्या बोलीत विचारलं, "तुझ्याजवळ कोण बसलंय?"

जयाने फोन बंद केला नाही. बंद करू नका, असं तिला सांगितलं होतं.